बाजाराच्या दिवशी भरणारं कॉलेज

टोपोशीट टेबलावर पसरलं की चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावं लागतं, नाहीतर ते पुन्हा गुंडाळी होऊन मिटतं. आमच्या भूगोलाच्या प्रयोगशाळेत त्यासाठी तापीच्या पात्रातून आणलेले चार गोटे होते. नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाचे, ४६ के या मालिकेतले. नंदुरबार, शहादा, तोरणमाळ, धडगावचा डोंगर हे सगळं या मालिकेत येतं.

एसवायच्या एका वर्गात धडगाव तालुक्यातल्या पाड्यावरचा एक मुलगा होता. दीड वर्षात त्यानं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. समोच्च रेषा शिकवायच्या होत्या. एका रेषेवरून पुढच्या रेषेवर गेलं की वीस मीटरचा चढ, एवढंच सांगून मी फळ्याकडे वळले. मागून आवाज आला, "मॅडम, तू इकडं बघ." आमच्या डोंगरातल्या बोलींत मोठ्यांनाही तूच म्हणतात, आणि त्या 'तू'मध्ये मला कायम जवळीकच वाटली. त्याचं बोट रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या तिथं होतं. "इथून उतरताना पाय घसरतो. आई पाण्याला इथूनच जाते. आणि हे मोकळं आहे ना, तिथं आम्ही ज्वारी पेरतो." मग बोट सरकत सरकत पुढच्या पाड्यावर गेलं, तिथून मामाच्या गावाला. टेबलाभोवती सगळा वर्ग गोळा झाला आणि जो तो आपापलं गाव शोधू लागला. त्या दिवशीचा तास त्या मुलानं घेतला.

२०२०च्या पावसाळ्यात हाच पाठ मी शहाद्यातल्या घरी, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून फोनवर शिकवला. यादीत साठाच्या वर नावं होती, पडद्यावर दहा-अकरा. नकाशा पाच इंचांत दाखवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळ्या रेघा एकच दिसताय." पुढं काही बोलायच्या आत तिचं नाव पडद्यावरून गेलं. रेंज गेली होती.

तीस वर्षं मी या जिल्ह्यात भूगोल शिकवला आणि २०२३ मध्ये निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षं आठवडाभर कॉलेज आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, अशी दोन्ही कामं केली. म्हणून वर्ग चांगला आणि ऑनलाइन वाईट, असा निकाल मी देणार नाही. दोन्हींतून शिकून उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि दोन्हींतून गळालेलीही. माझं म्हणणं एवढंच आहे की, आमच्या जिल्ह्यात पदवीचा जो भाग ऑनलाइन जाईल, तो विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदाच रेंज मिळते असं धरून आखावा. आणि त्या एका दिवशी त्याच्यासमोर पगारी शिक्षक बसलेला असावा. हे न करता पाठवलेल्या लिंकला तास म्हणू नये.

जिल्हा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. तालुके सहा: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात शंभरातले एकोणसत्तर आदिवासी. साक्षरता ६४ टक्के, राज्यात सगळ्यात कमी. घरात भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी. पाठ्यपुस्तकातली मराठी ही अनेकांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. तापीकाठचा सपाट भाग केळी-पपई-उसाचा. तळोद्याच्या पुढं चांदसैली घाट चढला की सगळंच बदलतं. पावसाळ्यात त्या घाटात दरड आली की धडगावची एसटी येत नाही. एसटी आली नाही की पोरं येत नाहीत.

आणि याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पंतप्रधान आले होते. मला त्या दिवसाचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. पण आमच्या माणसांना बारा आकडी नंबर मिळाला त्यानंतर दहा वर्षांनी कॉलेज फोनवर गेलं, तेव्हा वरच्या पाड्यांवरच्या मुलांना टेकडी चढून मोहाच्या झाडाखाली बसावं लागलं, हेही त्याच जिल्ह्यात घडलं. नोंद करायला आपण घरापर्यंत पोचलो. शिकवायला पोचलो नाही.

महामारीच्या दोनच वर्षं आधी, २०१७-१८ मध्ये, राष्ट्रीय नमुना पाहणीनं देशभरातल्या ग्रामीण घरांची माहिती गोळा केली होती. शंभरातल्या पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती आणि जेमतेम चार-साडेचार घरांत संगणक. हा सगळ्या देशाचा हिशेब. सातपुड्याचा वेगळा काढला असता तर काय निघालं असतं, ते इथल्या कुणालाही विचारावं लागत नाही. २०२०मध्ये अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज दोनशे रुपयांच्या आसपास पडायचं. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एका मुलाच्या महिन्याभराच्या तासांसाठी बापाचा जवळजवळ एक दिवस जायचा, तोही काम मिळालं तर. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, बाप कामावर. दोघं भावंडं शिकत असली तर फोन भावाला. बहिणीचं नाव मस्टरवर असायचं, तास नसायचा.

वरून रोज हजेरीचे स्क्रीनशॉट मागवले जात. आम्ही ते पाठवत होतो. पडद्यावर चौकोन दिसले की तास झाला. त्या चौकोनांमागं माणूस आहे का, त्याला काही ऐकू येतंय का, हे कुणी विचारत नव्हतं. मला त्या दिवसांत नर्मदाकाठची जुनी गोष्ट आठवायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाच्या लोकांनी चिमलखेडी आणि निमगव्हाण इथं जीवनशाळा सुरू केल्या. का, तर त्या काठावर सरकारी शाळा होत्या त्या कागदावर होत्या. शाळेचं नाव होतं, मास्तर येत नव्हता. धरणात बुडणाऱ्या गावांतल्या माणसांनी कुडाची शाळा उभी केली, आपल्याच पोरांतून शिक्षक तयार केले. कागदावरची शाळा म्हणजे काय, ते आमच्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. म्हणूनच पडद्यावरच्या हजेरीला शिक्षण म्हणायला माझं मन धजत नाही.

२८ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परीक्षेशिवाय अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही. ऑक्टोबरात ऑनलाइन परीक्षा झाल्या. माझ्या टीवायच्या मुलांतली काही आदल्या दिवशी डोंगर उतरून तळोद्याला, शहाद्याला आली आणि पाहुण्यांच्या ओट्यावर बसून पेपर दिले. तिघं माझ्या अंगणात बसली होती. पेपर बहुपर्यायी. एकाचा फोन मध्येच बंद पडला. दुसऱ्यानं आपला पेपर संपवून त्याला फोन दिला. पुढं वर्षभरानं, २० ऑक्टोबर २०२१ला, कॉलेजं उघडली. पोरं येतील म्हणून आम्ही प्रयोगशाळेतली धूळ झटकली, प्लेन टेबलांचे तिवे बाहेर काढले. आठवड्याभरात एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. काळी-पिवळीचं भाडं रोज कोण देणार? वर्ग उघडा होता आणि वाट बंद होती. तेव्हा समोरासमोरच्या शिक्षणाची महती सांगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की आमच्याकडे वर्गाचं दार एसटीच्या दारातून उघडतं.

मला वाट सापडली ती एका विद्यार्थ्यामुळे. २०२०च्या श्रावणात त्याचा निरोप आला. मराठीच होतं, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं: "मॅडम व्हिडिओ नको. बाजारला येतो तेव्हाच रेंज येते. बोलून पाठव." त्या दिवसापासून मी थेट तास घेणं कमी केलं. एक मुद्दा, आठ मिनिटं, नुसता आवाज. आठ मिनिटांचा आवाज एका फोटोएवढ्या जागेत मावतो. सोबत स्केचपेननं मोठी काढलेली एकच आकृती आणि शेवटी एकच प्रश्न. उत्तर वहीत लिहायचं, फोटो पुढच्या बाजाराला पाठवायचा.

धडगावचा किंवा मोलगीचा आठवडे बाजार ज्यानं पाहिला आहे त्याला हे लगेच समजेल. दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं पहाटे चालायला लागतात. डोक्यावर आमचूर, मोहाची फुलं, चारोळी, पाटीत कोंबड्या. जाताना तेल, मीठ, साबण. सोयरीक तिथंच जुळते, उधारी तिथंच फिटते, आजारी माणसाला डॉक्टर तिथंच दाखवतात. माझी मुलं तिथं आली की खिशातले फोन एकदम वाजायला लागायचे. आठवड्याचे सगळे निरोप, सगळे तास पाच मिनिटांत उतरायचे. मग पूर्ण आठवडा ते ऐकायचं, गुरं राखताना, निंदणी करताना. चार-पाच जण मिळून एका फोनवर ऐकायचे. एकीनं कळवलं, "माझी आजी पण ऐकते. ती म्हणते पाऊस कसा पडतो ते या बाईला बरोबर माहीत आहे." इतक्या वर्षांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वह्यांचे फोटो यायचे. थेट तासाला दहा-अकरा जण असायचे, वह्या त्याच्या तिप्पट येऊ लागल्या.

ही कल्पना माझी नव्हे. आपल्या राज्यात ती कधीच कुणीतरी नीट विचार करून मांडलेली आहे. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. तेव्हा ना मोबाइल होता ना नेट. पण विद्यार्थी एकटा बसून वाचणार हे गृहीत धरून पुस्तकं लिहिली गेली. सुरुवातीला काय शिकणार ते सांगितलेलं, दोन-तीन पानांवर थांबून प्रश्न विचारलेले, मागं उत्तरं दिलेली. आणि जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, तिथं रविवारी समंत्रकांशी भेट. बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडं यायची वाट त्या काळी या विद्यापीठानं मोकळी केली.

आमच्या रविवारच्या वर्गात एसटीचे वाहक होते, पोलीस शिपाई होते, आश्रमशाळेतले कामाठी होते. एका अंगणवाडी सेविकेचं पुस्तक मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. त्याला तिनं जुन्या साडीच्या काठाचं कव्हर घातलं होतं. समासात पेन्सिलीनं बारीक फुल्या. जिथं अडलं तिथं फुली. रविवारी ती आली की पहिल्यांदा फुल्या मोजायची. "मॅडम, आज चौदा आहेत." चौदा फुल्या संपेपर्यंत जागची उठायची नाही, आणि सुटलेली प्रत्येक फुली खोडरबरानं पुसायची. सहा दिवस पुस्तक, सातव्या दिवशी माणूस. त्या सातव्या दिवसाच्या भरवशावर ती सहा दिवस वाचत होती. तिला नुसतं पुस्तक पाठवलं असतं, तर फुल्या वाढत गेल्या असत्या आणि एक दिवस पुस्तक फळीवर गेलं असतं.

ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ, ज्याच्याकडे पाहून जगभरचं दूरशिक्षण शिकलं, १९६९मध्ये स्थापन झालं आणि १९७१च्या जानेवारीपासून बीबीसीवरून तास देऊ लागलं. दूरचित्रवाणी हाताशी असूनही त्यांनी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाच्या पेट्या पोस्टानं घरी पाठवल्या आणि उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शिबिरं घेतली. पडद्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनीच पडद्याची मर्यादा आधी ओळखली होती.

आता नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. आपल्या राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५पासून लागू झालं. त्याआधीच, २०२१मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगानं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून करायला मुभा दिली आहे. 'स्वयम्' २०१७मध्ये सुरू झालं. त्यावरचे काही अभ्यासक्रम मी स्वतः पाहिले. देशातल्या उत्तम प्राध्यापकांनी शिकवलेले आहेत. नंदुरबारच्या मुलाला त्यांचं ऐकायला मिळणं ही मोठीच गोष्ट आहे, ती मी कमी लेखणार नाही. माझी भीती वेगळी आहे. प्राध्यापकांच्या जागा निवृत्तीनं रिकाम्या होतात, त्या वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो. तासाला पैसे, सुट्टीत काहीच नाही. अशा कॉलेजात 'चाळीस टक्के ऑनलाइन' हा पर्याय विद्यार्थ्यासाठी राहत नाही, तो रिकाम्या जागेवर झाकण म्हणून वापरला जाण्याची शक्यता मोठी आहे. शिक्षक नाही? मुलांना म्हणावं, ऑनलाइन करून घ्या. ही वेळ पुण्या-मुंबईच्या कॉलेजांवर सगळ्यात शेवटी येईल आणि अक्राणीवर सगळ्यात आधी.

आणि काही गोष्टी पडद्यावरून शिकवताच येत नाहीत. प्लेन टेबल तिव्यावर बसवायचं, स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणायचा, ओळंबा सोडून फलकावरचा बिंदू जमिनीवरच्या खुंटीवर आणायचा, अ‍ॅलिडेडमधून दूरच्या रेंजिंग रॉडवर नजर लावायची. बुडबुडा मधोमध आला असं मुलांना दहादा वाटतं. अकराव्यांदा खरंच येतो. ही अकरावी वेळ हाताला समजावी लागते. दरवर्षी क्षेत्रभेटीला नंदुरबारहून साक्रीकडे जाताना मी बस थांबवत असे. माळावर भिंत बांधावी तशा काळ्या दगडाच्या सरळ टेकड्या कितीतरी किलोमीटर धावत जातात. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर येऊन थिजला, त्या या डाइक. नंदुरबार-धुळ्याचा डाइकांचा हा समूह भूशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे. आमची मुलं जन्मापासून त्यांच्या सावलीत गुरं चारतात. दगडावर हात ठेवून "हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं" असं सांगितलं की मुलांचे चेहरे पाहावेत. एका मुलानं हात काढून घेतला होता, आणि मग हळूच परत ठेवला.

वर्गाचेही दोष मला माहीत आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. दिवाळी झाली की आमच्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला, कापूस वेचायला गुजरातेत जातात, सौराष्ट्रापर्यंत जातात. कॉलेजात नाव असलेला मुलगाही कोयता घेऊन जातो. होळीला सगळे परत येतात. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, त्यासाठी माणसं कुठून कुठून चालत येतात. डोंगरात होळी एका दिवसाची नसते, भोंगऱ्या बाजारापासून मेळ्यांपर्यंत चांगला पंधरवडा तिच्यातच जातो. विद्यापीठाच्या वेळापत्रकात मात्र होळीची सुट्टी एक दिवस, आणि पुढं लगेच परीक्षांचा हंगाम. 'आदिवासी मुलं गैरहजर राहतात' असा शेरा मी कितीतरी अहवालांत वाचला. जी मुलं चार महिने मजुरीला आहेत, त्यांना वर्गात येऊन बसा म्हणणं हे शिक्षण नव्हे. सुरतेच्या कापड कारखान्यात रात्रपाळी करून माझ्या आवाजातले तास ऐकणारा एक मुलगा बीए झाला. त्याच्या बाबतीत वर्गानं काहीच केलं नसतं. नवापूरकडची एक मुलगी लग्न होऊन व्याऱ्याला गेली, बाळंतपणातही तिनं अभ्यास सोडला नाही. तिलाही फोननंच हात दिला.

पण मुलींबद्दल आणखी एक सांगायचं आहे, आणि ते फोनवाल्यांनी ऐकावं. कॉलेज हे कितीतरी मुलींसाठी घराबाहेर पडायचं एकमेव मान्य कारण असतं. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा सकाळच्या गाडीला मुलींची गर्दी वाढलेली मी थांब्यावर उभी राहून पाहिली आहे. आदिवासी मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहणारी मुलगी पहिल्यांदा स्वतःची कॉट, स्वतःचा कप्पा, स्वतःची कुलपाची किल्ली पाहते. तिला घरी बसून पदवी करता येईल असं एकदा आईबापांना कळलं, की ती किल्ली तिच्या हातून जाईल. कुणी वाईट म्हणून नाही. गरिबीत खर्च वाचवायची जी पहिली जागा सापडते तिथं माणूस वाचवतो.

म्हणून मागणं स्पष्ट करते. धडगाव, मोलगी, तोरणमाळ अशा ठिकाणी, जिथं आठवड्याला माणसं आपोआप गोळा होतात, तिथं विद्यापीठानं बाजाराच्या दिवशी उघडणारी केंद्रं काढावीत. एक बरी खोली, वीज, नेट, चार संगणक, कपाटभर छापील पुस्तकं. ऑनलाइन घेतलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमासाठी तिथं एक माणूस, मानधनावर टांगलेला नव्हे, पगारी, आणि शक्यतो पावरी किंवा भिली बोलणारा. आमच्याच कॉलेजांतून एमए, एमएस्सी झालेली, सेट-नेट झालेली डोंगरातली मुलं कामाच्या शोधात फिरत आहेत; माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही. तास आवाजाच्या रूपात आणि कागदावर द्यावेत, व्हिडिओ हवा त्याला केंद्रावर उतरवून घेता यावा. प्रात्यक्षिकं पावसाळ्यात, माणसं गावी असतात तेव्हा, आठ-दहा दिवस सलग, वसतिगृहात मुक्काम ठेवून. ऊसतोडीला गेलेल्या मुलासाठी होळीनंतर एक परीक्षा. यातली एकही गोष्ट नवी नाही. मुक्त विद्यापीठानं रविवार निवडला, कारण नोकरी करणाऱ्याला तो मोकळा असतो. आमच्या डोंगरात रविवारचं काही विशेष नाही, बाजाराचं आहे.

निवृत्तीनंतर मी महिन्यातून दोनदा बाजाराच्या दिवशी धडगावला जाते. ओळखीच्या घराच्या ओट्यावर बसते. पिशवीत टोपोशीट, ट्रेसिंग पेपर आणि ते चार गोटे असतात. निरोपाच्या दिवशी ते मागून घेतले होते. गेल्या वेळी नर्मदाकाठच्या वस्तीतली एक मुलगी आली. कोंबड्यांची पाटी तिनं ओट्याखाली ठेवली आणि नकाशावर वाकली. नकाशा जुना, धरणाच्या आधीच्या सर्वेक्षणाचा. ती आपलं गाव शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं, कारण जिथं आज पाणी आहे तिथं नकाशात घरांचे लाल ठिपके होते. मी काही सांगितलं नाही, नुसती नदीची जुनी रेषा दाखवली. तिनं बराच वेळ ठिपके पाहिले, मग निळी पेन्सिल घेतली आणि समोच्च रेषेचा आकडा वाचत वाचत पाणी आज कुठपर्यंत येतं ते ट्रेसिंग पेपरवर काढायला लागली. अर्ध्यात थांबली. म्हणाली, "पुढच्या बाजारला आजोबाला घेऊन येते. आमचं घर कोणत्या ठिपक्यात होतं ते त्याला माहीत आहे."